युरेनिल अ‍ॅसिटेटची जुनी बाटली: उघडण्याआधी आणि उघडल्यावर

प्रश्न असा आहे. कोल्हापुरात सूक्ष्मजीवशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या एका ताईंनी पंचगंगेच्या पाण्यातून फाज, म्हणजे जिवाणूंना खाणारे विषाणू, वेगळे केलेत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसायचे तर जाळीवर, म्हणजे ग्रिडवर, युरेनियमचा पिवळा क्षार असलेल्या युरेनिल अ‍ॅसिटेटने रंगवावे लागतात. कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या स्टोअरमध्ये त्याची २५ ग्रॅमची बाटली सापडली. सील तुटलेलं, लेबल अर्धं गेलेलं. सर म्हणाले दोन टक्क्यांचं द्रावण करून टाका. सीनियर म्हणाला लॅमिनारमध्ये, म्हणजे गाळलेली हवा सोडणाऱ्या कपाटाशी, बसून वजन करा, काही होत नाही. स्टोअर सांभाळणारे मामा मात्र बाटलीला हात लावायला तयार नाहीत. ताईंचे प्रश्न चार: हे कितपत धोक्याचं, ग्लोव्हज घातले की पुरे का, उरलेलं कुठं टाकायचं, आणि याला पर्याय आहे का?

माझी सगळी नोकरी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीच्या प्रयोगशाळेत झाली. हे रसायन मी नित्य हाताळलं, आणि ते कसं हाताळायचं हे मुलामुलींना शिकवत आलो. म्हणून सविस्तर लिहितो. पहिलं सांगणं एकच: बाटली आहे तिथं ठेवा, कपाटाला कुलूप लावा आणि खालचं सगळं वाचून होईपर्यंत झाकण फिरवू नका. मामांवरही कुणी चिडू नका. बाटलीत काय आहे हे कुणी नीट सांगितलं नसेल तर हात न लावणं हेच शहाणपणाचं आहे.

लोकांच्या मनात असते ती किरणोत्साराची भीती. ती पूर्ण खोटी नाही, पण भलत्या जागी बसलेली आहे. युरेनिल अ‍ॅसिटेटच्या वजनात युरेनियमचा वाटा साधारण ५६ टक्के. म्हणजे २५ ग्रॅमच्या भरलेल्या बाटलीत १४ ग्रॅम युरेनियम. त्यात सेकंदाला किमान पावणेदोन लाख अणू फुटत असतात. आकडा ऐकून दचकायला होतं, पण युरेनियम-२३८ फुटताना बाहेर पडतो तो अल्फा कण, आणि त्याची धाव हवेत तीनेक सेंटिमीटरच्या पुढं नाही. कागदाच्या कपट्याने तो अडतो, बाटलीच्या काचेने अडतो, आपल्या कातडीवरच्या मेलेल्या थरानेही अडतो. युरेनियमच्या पोटी जन्मणारी थोरियम-२३४ आणि प्रोटॅक्टिनियम-२३४ ही मूलद्रव्यं बीटा कण सोडतात. ते जास्त लांब जातात आणि काचेतूनही काही प्रमाणात बाहेर येतात. म्हणून बाटली मुठीत धरून गप्पा मारत उभं राहायचं नाही, ती बसायच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवायची नाही. पण कपाटात ठेवलेल्या बाटलीमुळे खोलीतल्या माणसांना काही होत नाही. स्फोटाचा, बॉम्बचा तर संबंधच नाही.

आणखी एक समज मी बऱ्याच ठिकाणी ऐकला आहे: बाटली जितकी जुनी, तितका तिच्यातला किरणोत्सार वाढत जातो, शेवटी रेडॉन वायू साठतो आणि झाकण उघडताच तो नाकात जातो. खाणीतून काढलेल्या खनिजाच्या बाबतीत या बोलण्याला आधार आहे. झारखंडातल्या जादूगुडासारख्या खाणीच्या दगडात युरेनियमची पूर्ण साखळी, रेडियम आणि रेडॉनसकट, युगानुयुगं तयार होत आलेली असते. शुद्ध केलेल्या क्षारात मात्र साखळी तुटते. थोरियम-२३४ काही महिन्यांत पुन्हा भरून येतं आणि तिथंच गाडी थांबते, कारण पुढचं युरेनियम-२३४ अडीच लाख वर्षांच्या आसपास अर्धायुष्य असलेलं आहे. तुमच्या बाटलीत मोजण्याजोगा रेडॉन तयार व्हायला आपली हयात पुरणार नाही. जुनी बाटली धोकादायक ठरते ती वेगळ्या कारणाने. प्लॅस्टिकचं झाकण तडकतं, आट्यांमध्ये पावडर अडकून बसते, लेबल गळून पडतं, आणि आत काय आहे हे ज्यांना माहीत होतं ती माणसं निवृत्त होतात.

खरा धोका पोटातून आणि श्वासातून आत जाणाऱ्या युरेनियमचा, आणि विरघळणाऱ्या क्षारांच्या बाबतीत तो आधी रासायनिक आहे. रक्तात गेलेलं युरेनिल बायकार्बोनेटला चिकटून फिरतं, मूत्रपिंडात गाळलं जातं, आणि पुढे नलिकेत आम्लता वाढली की सुटं होऊन नलिकेच्या आतल्या पेशींना धरतं. त्या पेशी मरतात. बराचसा भाग एका दिवसात लघवीवाटे निघून जातो, पण जाता जाता मूत्रपिंडाला इजा करून जातो, आणि उरलेला थोडा हाडात जाऊन बसतो. शिसं, पारा यांच्याबद्दल आपण जशी काळजी घेतो, त्याच जातीची काळजी इथं घ्यायची आहे. गिळलेल्यापैकी रक्तात जातो तो शेकडा एकदोन भाग. श्वासातून गेलेली बारीक धूळ मात्र फुप्फुसात विरघळते आणि भराभर रक्तात उतरते. म्हणून पावडर हा या रसायनाचा सगळ्यात वाईट अवतार. अमेरिकेत कामाच्या जागेच्या हवेसाठी विरघळणाऱ्या युरेनियमची कायदेशीर मर्यादा घनमीटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. आठ तासांत कामाचा माणूस साधारण १० घनमीटर हवा घेतो असं धरलं, तर दिवसाला अर्धा मिलिग्रॅम युरेनियम, म्हणजे जेमतेम एक मिलिग्रॅम युरेनिल अ‍ॅसिटेट. तुमच्या तराजूच्या पॅनच्या कडेला जी पिवळी धूळ राहते आणि जी आपण बोटाने पुसून टाकतो, ती याहून जास्त असते.

म्हणून माझं म्हणणं असं: ही पावडर उडू द्यायची नाही, द्रावण सांडून वाळू द्यायचं नाही, आणि काय आहे ते न सांगता कुणाच्या हातात द्यायचं नाही. यातली तिसरी गोष्ट सगळ्यात कमी पाळली जाते. संशोधन करणारी मुलगी ग्लोव्हज, चष्मा, कोट घालून अर्धा तास काम करते. तिच्यामागून मामा येतात, तोच बीकर उघड्या हाताने विसळतात, त्याच ओट्यावरून फडकं फिरवतात आणि मग हात झटकून तंबाखू मळतात. धोक्याच्या पाट्या मुलीसाठी, आणि रसायन मामांच्या पोटात. प्रयोगशाळेतल्या मावशी घरी मिश्री लावतात, इथं नाश्ता करतात. बोटावरून तोंडात जायला एवढं पुरे. पिवळा ठिपका म्हणजे काय हे त्यांना मराठीत, समोर बसून, बाटली दाखवून सांगा. दारावर इंग्रजी स्टिकर लावून जबाबदारी संपत नाही.

आता बाटली उघडण्याआधीची कामं. युरेनियम हे अणुऊर्जा कायद्याखाली नियंत्रित द्रव्य आहे. ते स्टोअरच्या रजिस्टरमध्ये बाकीच्या क्षारांसारखं पडून राहणं बरोबर नाही. प्राचार्यांच्या सहीने अणुऊर्जा नियामक मंडळाला, म्हणजे मुंबईला अणुशक्तीनगरला असलेल्या एईआरबीला, लेखी कळवा: कुठलं रसायन, किती, कुठं, कधीचं असावं, आणि काय करायचा विचार आहे. त्यांचं ई-लोरा नावाचं ऑनलाइन पोर्टल आहे, पण पहिलं पत्र संस्थेच्या लेटरहेडवर असलेलं बरं. उत्तर येईस्तोवर ती बाटली दुसऱ्या कॉलेजला उसनी द्यायची नाही, कुरिअरने पाठवायची नाही आणि लिलावाच्या यादीत तर अजिबात घालायची नाही. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात काय झालं ते आठवा. एका विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात वर्षानुवर्षं न वापरता पडलेलं उपकरण लिलावात गेलं, त्यात कोबाल्ट-६० होतं, भंगारवाल्यांनी ते फोडलं, आणि त्यात एका माणसाचा जीव गेला. कोबाल्ट आणि तुमच्या बाटलीतली पावडर यांची तीव्रतेत तुलनाच होत नाही. पण चूक तीच होऊ शकते: काय आहे ते न बघता विकणं. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांना रोज भंगार लागतं. कोल्हापुरात स्टोअर साफ करणाऱ्याने ही गोष्ट इतरांपेक्षा जास्त लक्षात ठेवली पाहिजे.

अशी बाटली रसायनशास्त्राच्या स्टोअरमध्ये आली कशी, याचंही उत्तर देतो, कारण त्यावरून आणखी काय शोधायचं ते कळतं. सोडियम ओळखायची जुनी परीक्षा झिंक युरेनिल अ‍ॅसिटेटने व्हायची. पिवळा साका पडला की सोडियम आहे. त्यामुळे पदवीच्या जुन्या कॉलेजांत युरेनिल अ‍ॅसिटेट, झिंक किंवा मॅग्नेशियम युरेनिल अ‍ॅसिटेटचं तयार द्रावण, क्वचित युरेनिल नायट्रेट, असा गोतावळा सापडतो. एक बाटली मिळाली तर बाकीची कपाटंही बघा. नायट्रेट असेल तर ते ऑक्सिडायझर, म्हणजे आग भडकवणारं, आहे, कागद, लाकडाचा भुसा, सॉल्व्हंट यांच्यापासून लांब ठेवा. ईथरमधलं नायट्रेटचं द्रावण उन्हात ठेवल्यावर स्फोट होऊ शकतो, तसलं काही दिसलं तर स्वतः हलवू नका.

बाटलीच्या बाहेर पावडर सांडली आहे का हे बघायला दोन साधनं तुमच्याच आवारात आहेत. एक, टीएलसी (पातळ थरावर रसायनं वेगळी करायची परीक्षा) बघायचा अतिनील दिवा. ३६५ नॅनोमीटरचा दिवा लावून खोलीत अंधार करा. युरेनिलचा सुका कण पिवळसर हिरवा चमकतो, आणि एकदा बघितलेला तो रंग माणूस विसरत नाही. झाकणाच्या आट्या, कपाटाची फळी, शेजारच्या बाटल्यांची लेबलं, तराजूचा कोपरा असं सगळं बघा. ओला डाग किंवा पुसून पातळ झालेला थर चमकेलच असं नाही, त्यामुळे चमक दिसली नाही म्हणजे जागा स्वच्छ असं धरू नका. दुसरं साधन भौतिकशास्त्र विभागात मिळेल. प्रात्यक्षिकासाठी त्यांच्याकडे जीएम काउंटर, म्हणजे किरणोत्सार मोजायचं यंत्र, असतो. पातळ खिडकीची नळी असेल तर प्रोटॅक्टिनियमचे बीटा कण ती छान पकडते. आधी दुसऱ्या खोलीत नेहमीची मोजणी घ्या, मग नळी फळीपासून एक सेंटिमीटरवर धरून हळूहळू फिरवा. नळीला फळीचा स्पर्श होऊ देऊ नका, नाहीतर नळीच बरबटेल. छातीवर लावायचा टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर पडलेला किरणोत्सार मोजणारा बिल्ला, मात्र या कामात फसवा दिलासा देतो. अल्फा कण त्याला कळत नाहीत आणि पोटात काय गेलं हे तो सांगू शकत नाही.

आता लॅमिनारबद्दल. हा तुमच्या पत्रातला सगळ्यात काळजी करण्यासारखा भाग आहे. आडव्या लॅमिनार एअरफ्लोमध्ये हवा मागच्या गाळणीतून निघून सरळ तुमच्या तोंडावर येते. ते यंत्र तुमच्या कल्चरला तुमच्यापासून वाचवण्यासाठी बनवलं आहे, तुम्हाला कल्चरपासून वाचवण्यासाठी नाही. त्यात युरेनिल अ‍ॅसिटेटचं वजन करणं म्हणजे पंख्यासमोर हळद पाखडत बसणं. उभ्या प्रवाहाच्या लॅमिनारमध्येही हवा बाहेरच ढकलली जाते. हे काम फ्यूम हूडमध्येच, म्हणजे हवा आत ओढून बाहेर सोडणाऱ्या काचेच्या कपाटातच, करायचं. हूड चालतो का हे मोटरच्या आवाजावरून ठरवू नका. काच कामाच्या उंचीवर ठेवा, आसपास सॉल्व्हंट नाही याची खात्री करा आणि पेटलेली उदबत्ती काचेच्या कडेशी धरा. धूर सगळीकडून आत ओढला गेला पाहिजे, कोपऱ्यातून वळून बाहेर येता कामा नये. वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र मिळालं तर तोंडाशी सेकंदाला अर्धा मीटरच्या आसपास असावा. खोलीतला छताचा पंखा बंद, दार लोटलेलं. आणि पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून कुपीचं झाकण कायम हाताशी ठेवा. हूड बंद पडला की आधी झाकण, मग बाजूला होणं, बाकी सगळं नंतर.

हूडमध्ये संवेदनशील तराजू ठेवला तर वाऱ्याने आकडा नाचतो, आणि मग लोक हूड बंद करून वजन करतात. तसं करायची गरजच नाही. झाकणाची रिकामी कुपी बाहेर तराजूवर तोला. हूडमध्ये नेऊन चमच्याने अंदाजे पावडर टाका, झाकण लावा, कुपी बाहेरून ओल्या टिश्यूने पुसा, पुन्हा तोला. फरक आला समजा ०.४३ ग्रॅम. मग पाणी २१.५ मिलिलिटर घाला, दोन टक्के झालं. पावडरच्या वजनाला पाणी जुळवायचं, पाण्याला पावडर जुळवत बसायचं नाही. एवढ्या एका सवयीने पावडरची बरीच उडवाउडव थांबते. त्याहून चांगलं म्हणजे तयार द्रावणच विकत घेणं. महाग पडतं, पण पावडरचा प्रश्नच मिटतो. आणि फाजच्या कामाला तुम्हाला लागतं तरी किती? एका ग्रिडला १० मायक्रोलिटरचा एक थेंब. ५ मिलिलिटर द्रावण महिनोन्‌महिने पुरेल. पंचवीस ग्रॅम तर तुमच्या नातवंडांनाही संपणार नाहीत.

पावडर विरघळायला वेळ घेते. उकळून गार केलेलं डिस्टिल्ड पाणी वापरा, कुपी फॉइलमध्ये गुंडाळा आणि झाकण घट्ट लावून हळू ढवळू द्या. उघड्या कुपीत सोनिकेटर (ध्वनिलहरींनी ढवळायचं यंत्र) लावू नका, त्याने बारीक तुषार उडतात. उजेडात द्रावण बिघडतं, फॉस्फेट बफर लागला की लगेच साका पडतो. पीएच साडेचारच्या आसपास राहायचा. तो वाढवून सातवर आणायच्या फंदात पडू नका, साका पडतो. गढूळ द्रावण रंगवायला निरुपयोगी आहे, ते कचऱ्याच्या बाटलीत जातं.

ग्लोव्हज पुरेत का, तर नाहीत. नायट्रिलचे दोन घाला, वरचा डागाळला की तिथंच काढता येतो. कोटाची बाही ग्लोव्हजच्या आत. पण ज्या गोष्टीची मी सगळ्यात जास्त सक्ती केली तो म्हणजे डोळ्यांना बाजूने झाकणारा चष्मा, आणि त्याचं कारण गाळणी. द्रावण वापरण्याआधी सिरिंजला ०.२२ मायक्रॉनची गाळणी लावून गाळतात. एका प्रयोगशाळेत मी बघितलेली गोष्ट सांगतो. मुलाने साधी, गाळणी फिरवून बसवायच्या आट्या नसलेली सिरिंज घेतली होती. द्रावण जुनं, गाळणी तुंबली. त्याने अंगठ्याचा जोर वाढवला. ‘टप्’ असा बारीक आवाज झाला, गाळणी सुटून भिंतीवर आपटली आणि पिवळी धार त्याच्या हनुवटीपासून कपाळापर्यंत गेली. चष्मा होता म्हणून डोळे वाचले. चष्म्याच्या काचेवर थेंब ओघळत होते ते मला अजून दिसतात. तेव्हा आट्यांची सिरिंज, तोंड खाली ट्रेकडे, हात हूडच्या आत, आणि जोर लागायला लागला की गाळणी बदला. आधी द्रावण सेंट्रिफ्यूज करून घेतलं तर गाळणी तुंबतच नाही. तोंडाने पिपेट ओढायची पद्धत तुमच्याकडे अजून कुणी वापरत असेल तर आजच बंद करा.

रंगवताना ट्रेमध्ये प्लॅस्टिक बाजू खाली असलेला शोषक कागद, त्यावर पॅराफिल्म (मेणकट पातळ पट्टी), त्यावर थेंब. ग्रिड चिमट्याने उचलली की जादा थेंब टिपायला फिल्टर पेपरचा तुकडा कडेला लावतो. हाच तुकडा घात करतो. ओला असताना निरुपद्रवी दिसतो, ओट्याच्या कडेला राहतो, दुपारपर्यंत वाळतो, आणि मग त्याच्या तंतूंवरची पिवळी भुकटी बोटाला, वहीला, मोबाइलला लागते. म्हणून शेजारी झाकणाची छोटी बरणी ठेवा आणि प्रत्येक तुकडा ओला असतानाच तिच्यात टाका. मोबाइल या कामात खिशातसुद्धा नको. वाळलेल्या ग्रिडवर उरतं ते मायक्रोग्रॅममध्ये. ती ग्रिडबॉक्समध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाकडे नेताना वेगळी भीती बाळगायचं कारण नाही, फक्त तिथल्या माणसांना काय रंगवलंय ते चिठ्ठी लावून सांगा. काम संपलं की ट्रे, चिमटा, हूडचा ओटा ओल्या टिश्यूने पुसा, ग्लोव्हज उलटे काढा, साबणाने हात धुवा, मगच दाराची कडी. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला या पावडरच्या जवळ काम देऊ नये, आणि ते तिला विचारावं लागू नये अशी व्यवस्था आधीच असावी.

सांडलंच तर? पावडर सांडली असेल तर झाडू नाही, फुंकर नाही, घरगुती व्हॅक्यूम क्लीनर तर मुळीच नाही, तो धूळ खोलीभर फवारतो. माणसं बाहेर काढा, पंखा बंद, सांडलेल्या जागेवर ओला टिश्यू अलगद पसरा, मिनिटभर मुरू द्या, कडेकडून मध्याकडे पुसत या. प्रत्येक टिश्यू एकदाच वापरायचा. शेवटी सौम्य खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसलं तर बरं, कारण कार्बोनेटबरोबर युरेनिल विरघळून निघून येतं. मग दिवा आणि काउंटरने पुन्हा तपासा. कातडीवर पडलं तर कोमट पाणी आणि साबण, घासायचं नाही, खरचटलेल्या कातडीतून जास्त आत जातं. डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं घड्याळ लावून नळाखाली धरा. नाकातोंडात गेल्याची शंका असेल, किंवा बरबटलेल्या काचेने हात कापला असेल, तर चूळ भरा, जखम वाहत्या पाण्यात धुवा, उलटी काढायची नाही, आणि सरळ कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय गाठा. जाताना रसायनाचं माहितीपत्रक बरोबर घ्या. डॉक्टरांना पहिलं वाक्य असं सांगा: युरेनियमचा विरघळणारा क्षार पोटात गेल्याची शंका आहे, मूत्रपिंडाला धोका आहे. रेडिएशन एवढाच शब्द सांगितलात तर सगळे भलतीकडे धावतील. तेव्हापासूनची सगळी लघवी स्वच्छ बाटल्यांत साठवा, युरेनियम किती गेलं हे तिच्यातूनच कळतं. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिनं यांवर पुढचे काही दिवस लक्ष ठेवतात. शिरेतून सोडियम बायकार्बोनेट देण्याचा उपचार आहे, पण तो डॉक्टरांनी ठरवायचा. घरी सोडा पिऊन बसू नका.

कचऱ्याबद्दल तुम्ही विचारलंत याचा मला फार आनंद झाला, कारण हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. एक हिशेब करून दाखवतो. दोन टक्क्यांच्या एका मिलिलिटर द्रावणात २० मिलिग्रॅम युरेनिल अ‍ॅसिटेट, म्हणजे ११ मिलिग्रॅमच्या वर युरेनियम. पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे बेसिनमध्ये ओतलेलं एक मिलिलिटर द्रावण पावणेचारशे लिटर पाण्याला त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकतं. आपल्या पंचगंगेत आधीच काय काय मिसळतं हे कोल्हापूरकरांना सांगायला नको, आणि तुमचे फाज तर त्याच पाण्यातून आलेत. म्हणून एक थेंबही मोरीत नाही. जाड प्लॅस्टिकची, आट्यांच्या झाकणाची वेगळी बाटली, तिच्यावर मराठीत आणि इंग्रजीत ‘युरेनियमयुक्त द्रव कचरा’, तारीख, अंदाजे प्रमाण आणि तुमचं नाव. पहिल्या दोन विसळण्यांचं पाणीही त्यातच. लेड सायट्रेट, ऑस्मियम या मायक्रोस्कोपीच्या दुसऱ्या रसायनांचा कचरा त्यात मिसळायचा नाही, मिश्र कचरा घ्यायला कुणी तयार होत नाही. बाटली उघडी ठेवून पाणी उडू द्यायची युक्ती काहीजण करतात, तशी करू नका, तळाशी वाळलेला पापुद्रा राहतो आणि तो पुन्हा पावडरच असतो. सुका कचरा, म्हणजे ग्लोव्हज, टिश्यू, फिल्टर पेपर, पिपेटच्या टिपा, वेगळ्या दुहेरी पिशवीत. ही पिशवी जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत गेली तर भट्टीत जाते, आणि युरेनियम जळून नाहीसं होत नाही, राखेत राहतं. आवारात खड्डा काढून पुरणं हाही मार्ग नाही, मग ते प्राचार्यांनी सांगितलेलं असो की आणखी कुणी. किरणोत्सारी कचऱ्याच्या विल्हेवाटीचे १९८७चे स्वतंत्र नियम आहेत. साठवा, नोंद ठेवा आणि नियामक मंडळाच्या लेखी सूचनेप्रमाणेच द्या. एक वही करा. प्रत्येक वेळी बाटलीचं वजन आधी आणि नंतर, कोणी वापरलं, कशासाठी. पुढच्या वेळी कुणाला कपाटात ती बाटली ‘सापडणार’ नाही.

आता पर्याय. खरं तर मी तुम्हाला आधी हाच विचार करायला सांगेन. कोल्हापुरात रंगवून ग्रिड बाहेरगावच्या सूक्ष्मदर्शकाकडे पाठवणार असाल, तर तिथल्या लोकांना फोन करून विचारा की नमुना आम्ही शुद्ध करून देतो, रंगवण्याचं काम तुमच्याकडे होईल का. जिथं हे रोज होतं तिथं हूड, कचऱ्याची सोय, नोंदी सगळं तयार असतं. तुमच्या एका प्रबंधासाठी कॉलेजने ते सगळं नव्याने उभारायची गरज उरत नाही.

ते जमत नसेल तर फॉस्फोटंगस्टिक अ‍ॅसिड घ्या. एक ते दोन टक्के, पोटॅशियम हायड्रॉक्साइडने पीएच सातवर आणलेलं. फाजचं डोकं आणि शेपूट त्यात व्यवस्थित दिसतात. युरेनियमइतका बारकावा आणि ठसठशीतपणा येत नाही, आणि काही नाजूक फाज त्यात फुटतात, ते रिकाम्या डोक्यांवरून ओळखू येईल. तसं झालं तर दोन टक्के अमोनियम मॉलिब्डेट करून बघा. हीही रसायनंच आहेत, ग्लोव्हज आणि कचऱ्याची बाटली त्यांनाही लागते, पण नियामक मंडळाची परवानगी लागत नाही. पेशींचे पातळ छेद रंगवायला युरेनियमऐवजी गॅडोलिनियम, समॅरियमसारख्या लँथनाइडांची तयार द्रावणं बाजारात मिळतात, आणि जपानमध्ये ऊलाँग चहाच्या अर्कानेही चांगले निकाल मिळवले आहेत, पण तुमच्या फाजला छेदांची गरज नाही.

नमुना मात्र नीट शुद्ध करा. फोटो खराब येण्याचं कारण बहुतेक वेळा रंग नसतो, नमुन्यात राहिलेलं जिवाणू वाढवायचं माध्यम आणि मीठ असतं. अमोनियम अ‍ॅसिटेटच्या ०.१ मोलर द्रावणात फाज दोनतीनदा धुऊन घ्या, मिलिलिटरला किमान दहा कोटी कण असू द्या आणि पहिल्या चार ग्रिड वरच्या फॉस्फोटंगस्टिकने रंगवून पाठवा. त्या बघून युरेनियम हवंच असं वाटलं तर पुढचं बोलू. तोपर्यंत प्राचार्यांचं पत्र मुंबईला गेलेलं असू दे आणि कपाटाची किल्ली एकाच माणसाकडे.